टाच वळवण्याची गंमत

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या समुद्रात जर्सी नावाचं चिमुकलं बेट आहे. १६०८ साली तिथल्या कारभाऱ्यांनी एक अजब फर्मान काढलं. सुगीच्या दिवसांत आणि शेताला खत म्हणून समुद्रशेवाळ गोळा करायच्या दिवसांत पंधरा वर्षांवरच्या कुणीही विणकाम करायचं नाही. केलं तर शिक्षा. कारण उघड होतं. बेटावरचे बाप्ये, बाया, पोरं सगळेच पायमोजे विणत बसले होते. मोज्यांना परमुलखात भाव होता, घरबसल्या चार पैसे मिळत होते आणि शेतात कापणीला माणूस मिळेना.

पैशाचं कारण खरंच आहे. पण ज्यांनी कधी पाच सुयांवर मोजा चढवला आहे, त्यांना आणखी एक कारण सहज सुचेल. मोजा एकदा हातात घेतला की खाली ठेववत नाही. ‘एवढी फेरी झाली की उठते’ म्हणणारी बाई आणखी सहा फेऱ्या झाल्याशिवाय उठत नाही.

विणकाम म्हटलं की मराठी घरात आधी आठवतो तो स्वेटर. फोर-प्लाय लोकर, पाठ, पुढचे दोन भाग, दोन बाह्या, गळपट्टी आणि शेवटी शिवण. दिवाळीत सुरू केलेला स्वेटर होळीपर्यंत पुरा झाला तर नशीब, आणि तोवर ज्याच्यासाठी विणला तो दोन इंचांनी वाढलेला. मोज्याचं तसं नाही. शंभर ग्रॅम बारीक लोकरीत मोठ्या माणसाची एक जोडी होते. तेवढा गुंडा आणि सुया पर्समध्ये मावतात. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता काम पुढे सरकत राहतं. एरवी ज्या वेळाला कुणी वेळ म्हणत नाही, त्या वेळात जोडी तयार होते. एका मोज्यात साधारण अकरा-बारा हजार टाके असतात. आकडा ऐकून छाती दडपते, पण मोजणारं कुणी नसतं.

मोज्याचं गणित मात्र चुकवून चालत नाही. बारीक लोकर आणि बारीक सुया घेतल्या की इंचाला आठ टाके बसतात. तळपायाचा घेर ९ इंच असेल तर ७२ टाके हवेत असं कुणालाही वाटेल. पण मोजा पायापेक्षा जरा तंगच विणायचा असतो, नाहीतर तो ओघळतो आणि बुटात गोळा होतो. म्हणून दहा टक्के वजा करायचे. ७२ मधून ७ गेले, ६५ उरले. वरची पट्टी दोन सुलट, दोन उलट अशी जाते, त्यासाठी चाराने भाग जायला हवा, म्हणून ६४. जगभरच्या मोज्यांच्या नमुन्यांत हा ६४चा आकडा वारंवार भेटतो तो असा.

पट्टी झाली की खाली नळी. गोलगोल विणताना फक्त सुलट टाके घालत जायचं, उलट टाक्याची कटकटच नाही. सीरियल बघता बघता होणारं हे काम. मग टाच येते, आणि टीव्ही बंद करावा लागतो.

पाय सरळसोट असता तर मोजा म्हणजे नुसती नळी पुरली असती. पण पाय घोट्याशी वळतो आणि त्या वळणावर टाच बाहेर येते. सपाट विणीतून ही खोलगट वाटी काढायची कशी? त्याची जुनी, पक्की रीत अशी. ६४ पैकी पुढचे ३२ टाके सुईवर तसेच थांबवून ठेवायचे. मागच्या ३२ टाक्यांवर पुढे-मागे करत ३२ ओळींची पट्टी विणायची. दर ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचलून घ्यायचा, म्हणजे दोन्ही कडांना १६-१६ कड्यांची साखळी पडते. ती नंतर कामाला येते.

खरी करामत पुढे आहे. १८ टाके विणायचे, पुढच्या दोनांचा एक करायचा, आणखी एक विणायचा आणि सुईवर ११ टाके शिल्लक असतानाच चक्क मागे फिरायचं. मागच्या बाजूने पहिला टाका उचलून पाच विणायचे, दोनांचा एक, आणखी एक, आणि पुन्हा फिरायचं. दर ओळीला एक टाका जास्त पुढे जायचं. ओळ अर्धवट सोडून परतायचं, हे नवशिक्याला पटतच नाही. काहीतरी चुकलं असं वाटून निम्म्या जणी इथेच उसवतात. पण होतं असं की मधल्या टाक्यांवर ओळींवर ओळी चढत जातात आणि कडेचे टाके जागच्या जागी राहतात. मध्ये कापड जास्त, कडेला कमी. मग वीण आपोआप आत वळते. सुईवर १८ टाके उरतात तेव्हा हातात टाच तयार असते. न कापता, न शिवता.

पुढचा हिशेबही सुंदर आहे. दोन्ही साखळ्यांवरून १६-१६ टाके उचलले की १८ आणि ३२ मिळून ५०, शिवाय थांबलेले ३२, एकूण ८२. म्हणजे १८ जास्त झाले. ते एक फेरी आड दोन-दोन करून कमी केले की १८ फेऱ्यांत गाडी पुन्हा ६४ वर. हातविणीच्या मोज्याला घोट्याखाली दोन्ही बाजूंना तिरके त्रिकोण दिसतात, ते या अठरा फेऱ्यांचे. पुस्तकात हे वाचून काही म्हणजे काही कळत नाही. सुया हातात घेऊन, सांगितलं तसं मुकाट्याने केलं की पंधरा-वीस मिनिटांत डोळ्यांदेखत घडतं. विणकाम करणाऱ्यांना विचारा, मोज्यातला सगळ्यात आवडता भाग कोणता. बहुतेक जणी टाचच सांगतील.

माणूस मोजे कधीपासून विणतो? ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तच्या अँटिनोपोलिसमधल्या उकिरड्यात सापडलेला, लहान मुलाच्या डाव्या पायाचा एक मोजा आहे. वय सुमारे सतराशे वर्षं. अंगठ्याला वेगळं घर आहे, म्हणजे वर पट्ट्याची चप्पल घालता यावी. त्यावर रंगीत पट्टे आहेत. २०१८ मध्ये संग्रहालयातल्या शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या प्रकाशांत त्याची छायाचित्रं घेतली, तेव्हा कळलं की ते सगळे रंग तीनच वनस्पतींपासून, लाल, निळा आणि पिवळा एकमेकांवर चढवून काढलेले आहेत. लेकराच्या पायात घालायच्या वस्तूसाठी रंगाऱ्याने एवढा खटाटोप केला होता. हा मोजा मात्र दोन सुयांचा नव्हे. एका नेढ्याच्या सुईने, दोऱ्याचे तुकडे जोडत, गाठीसारखे फास घालत केलेला. आज आपण ज्याला विणकाम म्हणतो त्या तऱ्हेचे, निळ्या-पांढऱ्या सुती नक्षीचे मोजे इजिप्तमध्येच अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमारास दिसू लागतात.

मोज्याने इतिहासात एकदा मोठी खळबळही उडवली. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टन गावचा पाद्री विल्यम ली याने १५८९ साली मोजे विणायचं यंत्र बनवलं. ते पहिलं यंत्र इंचाला आठच टाके घालत होतं, म्हणजे आज घरी बसून हाताने घालतात तेवढेच. लीने राणी पहिल्या एलिझाबेथकडे मक्ता मागितला. तो मिळाला नाही. हातविणीवर जगणाऱ्या गरिबांच्या पोटावर पाय येईल अशी भीती राणीला वाटली, असं सांगतात. बिचारा यंत्रं घेऊन फ्रान्सला गेला. तिथे चौथ्या हेन्रीचा आश्रय मिळाला, पण राजाचा खून झाला आणि लीही पुढे तिकडेच संपला. यंत्र मात्र इंग्लंडला परतलं आणि दोनशे वर्षांत त्याच नॉटिंगहॅमच्या पट्ट्यात घरोघर मोज्यांचे माग खडखडू लागले. १८११-१२ मध्ये मजुरी घसरली तेव्हा कामगारांनी रात्री जाऊन जे माग फोडले, ते हेच. लडाईट म्हणून ओळखले जाणारे ते लोक. माग फोडणाऱ्याला फाशी द्यायचा कायदा संसदेत आला आणि कवी लॉर्ड बायरनने २७ फेब्रुवारी १८१२ रोजी उमरावांच्या सभागृहातलं आपलं पहिलंच भाषण त्या कामगारांच्या बाजूने केलं. कायदा झालाच. आज यंत्राला नावं ठेवणाऱ्या कुणालाही लडाईट म्हणतात, पण भांडण मोज्यांच्या मजुरीचं होतं हे सहसा कुणाला आठवत नाही.

हातविणीचा मोजा आपल्याकडे बघायचा तर हिमाचलातल्या लाहौलला जावं. २०२० साली अटल बोगदा सुरू होईपर्यंत रोहतांग खिंड बर्फाने बंद झाली की हे खोरं कित्येक महिने जगापासून तुटायचं. शेत बर्फाखाली, चुलीजवळ बसलेल्या बाया, हातात मेंढीची लोकर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मोरेव्हियन पंथाचे जर्मन मिशनरी केलांगला येऊन राहिले. त्यांच्यातल्या मारिया हायडे यांनी तिथल्या बायका-मुलींसाठी विणकामाची शाळा चालवली. धर्मप्रसाराचं म्हणाल तर मिशनच्या हाती फारसं काही लागलं नाही. मोजे विणणं मात्र खोऱ्यात पक्कं मुरलं. लाहौली बायांनी सुया घेतल्या आणि रंग-नक्षी आपली घातली. भडक रंगांच्या पट्ट्यांत कोनाकोनांची भौमितिक नक्षी असलेले हे मोजे आणि हातमोजे इतके लाहौलचे झाले की २०२१ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. मनालीला फिरायला गेलेले मराठी पर्यटक बाजारातून मोज्यांची जोडी आणतात तेव्हा या सगळ्याचा मागमूस त्यांना नसतो. भाव मात्र कसून करतात.

पहिल्या महायुद्धात मोजा ही युद्धसामग्री होती, असं म्हटलं तर अतिशयोक्ती नाही. खंदकांत घोटाभर चिखल, पाय दिवसचे दिवस ओले; त्वचा कुजून पाय कापायची वेळ यायची. मुख्य उपाय, कोरडे मोजे वरचेवर बदलणं. १९१४च्या शरद ऋतूत ब्रिटनच्या क्वीन मेरीने बायकांना आवाहन केलं ते तीन लाख मोज्यांच्या जोड्यांसाठी. बोटांजवळ टाके बंद करताना पडणारी जाड कड बुटात टोचते, म्हणून सुईने दोन्ही बाजूंचे टाके असे सांधायचे की जोड दिसू नये. या सांध्याला इंग्रजीत आजही युद्धमंत्री किचनर यांचं नाव आहे. मिशाळ फील्ड मार्शलच्या नावाने विणकामाचा टाका असावा, ही इतिहासाची थट्टाच.

मोजा हे छोट्या कामांचं एक उदाहरण झालं. टोपी, मफलर, हातमोजे, मोबाइलची पिशवी, चहाच्या किटलीचं टोपडं, ही सगळी त्याच कुळातली. लाटव्हियाची राजधानी रिगा इथे नोव्हेंबर २००६ मध्ये नाटो राष्ट्रांची शिखर परिषद भरली, तेव्हा पाहुण्यांना भेट म्हणून गावोगावच्या बायांनी विणलेल्या हातमोज्यांच्या ४,५०० जोड्या दिल्या गेल्या. लष्करी करारांची चर्चा करायला आलेल्यांच्या हातात लोकरीचे हातमोजे! २०२१च्या टोकिओ ऑलिम्पिकमध्ये ब्रिटिश डायव्हर टॉम डेली प्रेक्षागृहात बसून विणकाम करताना कॅमेऱ्यात सापडला. सुवर्णपदकावर चरे पडू नयेत म्हणून त्याने पदकासाठी छोटी पिशवीच विणली होती, एका बाजूला ब्रिटनचा झेंडा, दुसऱ्या बाजूला जपानचा. विणकाम हा बायकी छंद असं मानणाऱ्यांना जर्सीचे बाप्ये दाखवून जे पटलं नसतं, ते या एका छायाचित्राने पटलं असावं.

आपल्या घरांत छोट्या विणकामाची हक्काची जागा म्हणजे बाळंतविडा. लेकी-सुनेला दिवस गेले की आजी सुया काढते. टोपडं, बिनबाह्यांचा स्वेटर आणि बोटभर लांबीचे बूटमोजे. हे मोजे बाळाच्या पायांत दहा मिनिटांच्या वर टिकत नाहीत हे प्रत्येक आजीला ठाऊक असतं. म्हणून घोट्याजवळ जाळीची एक ओळ घालून त्यातून नाडी ओवायची. तरी बाळ ती काढून चोखतंच. लोकर मऊ हवी आणि धुता येईल अशी हवी, ती याचसाठी. याच कामातली एक अफलातून युक्ती एलिझाबेथ झिमरमन यांची. जन्म इंग्लंडमधला, आयुष्य अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये गेलं. १९६८ साली त्यांनी बाळाच्या जॅकेटचा एक नमुना दिला. तो एकाच तुकड्यात विणला जातो आणि पुरा झाल्यावर कसलाच आकार नसलेलं वेडंवाकडं फडकं दिसतो. दोन ठिकाणी घडी घातली, खांद्यांवर दोन शिवणी मारल्या की बाह्यांसकट जॅकेट! त्यांच्या ‘निटिंग विदाउट टिअर्स’ या १९७१च्या पुस्तकाचा सारा रोख हाच, की नमुन्याची गुलामी नको. आपले टाके मोजा, आपलं माप घ्या, गणित करा.

विणकामाने मन शांत होतं, हे विणणाऱ्या सगळ्याच सांगतात. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१३ साली विणकाम करणाऱ्या ३,५४५ जणांच्या उत्तरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जे वरचेवर विणतात त्यांना विणल्यावर अधिक शांत आणि आनंदी वाटतं, असा त्यातला कल होता. आता यात एक पाचर आहेच : विणकाम आवडणाऱ्यांनाच विणकामाबद्दल विचारलं तर दुसरं काय उत्तर येणार? कंटाळून सुया माळ्यावर टाकणाऱ्यांना कुणी प्रश्नावली पाठवली नव्हती. तरीही त्यात तथ्य असावं असं वाटायला जागा आहे. दोन्ही हात गुंतलेले असतात, मोबाइल उचलता येत नाही. एका लयीत तीच हालचाल चालू राहते. आणि छोट्या कामात आज केलेलं आजच दिसतं. ऑफिसच्या कामात ते सुख सहसा मिळत नाही.

सुरुवात करायची तर काय घ्यावं? पहिल्याच झटक्यात मोजा नको. आधी जाड लोकरीची टोपी करावी; गोलगोल विणण्याचा हात बसतो आणि दोन-तीन संध्याकाळींत पुरी होते. मोज्यासाठी १२ किंवा १३ नंबरच्या, दोन्ही बाजूंना टोक असलेल्या पाच सुयांचा संच लागतो. भारतात जुने नंबर अजून चालतात आणि ते उलटे आहेत : नंबर मोठा तशी सुई बारीक. १२ म्हणजे पावणेतीन मिलिमीटर, १३ म्हणजे सव्वादोन. बहुतेक घरांतल्या राखाडी पोनी सुया उटीजवळच्या केट्टी इथल्या नीडल इंडस्ट्रीज या कारखान्याच्या. तो १९४९ पासून चालू आहे. रंगीत लाकडी सुया बनवणारी निटप्रो हीसुद्धा भारतीय कंपनी. तिच्या सुया अमेरिकेत निटर्स प्राइड या नावाने विकल्या जातात, आणि सहा महिन्यांसाठी मुलाकडे गेलेली आजी तिथून कौतुकाने घेऊन येते ती आपल्याच देशातली सुई.

लोकरीच्या बाबतीत चोखंदळ राहावं. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते ती बहुतेक अॅक्रिलिक. टोपीला, पिशवीला चालते, पण मोज्यात पाय घामेजतो. निव्वळ सुती धाग्याचे मोजे दिवसभरात सैल पडतात, कारण सुताला लोकरीसारखी परत आक्रसायची सवय नाही. मोज्यासाठी खास लोकर असते, तीत पाऊण भाग खरी लोकर आणि पाव भाग नायलॉन. नायलॉनमुळे टाच लवकर विरत नाही. पुण्या-मुंबईच्या हवेत असे मोजे वर्षातून फार तर दीड महिना लागतात हे खरं; नाशिक, महाबळेश्वरकडे जरा जास्त. बाकीचे महिने ते परदेशातल्या नातवंडांसाठी विणले जातात.

या छंदातला खरा शत्रू म्हणजे दुसरा मोजा. पहिला विणताना टाचेची नवलाई असते. तो पुरा झाला की उत्साहही पुरा, आणि जगभरच्या विणकामाच्या पिशव्यांत असे असंख्य एकटे मोजे पडून आहेत. यावर लांब तारेच्या गोल सुईवर दोन्ही मोजे शेजारी शेजारी विणायची पद्धत आहे. त्याहून वरचढ तोडगा टॉलस्टॉयच्या ‘वॉर अँड पीस’च्या उपसंहारात सापडतो. त्यातली म्हातारी दाई आन्ना माकारोव्हना एकाच सुयांवर दोन मोजे एकात एक विणते आणि पुरे झाले की मुलांना भोवती गोळा करून, मोठ्या थाटात, एका मोज्यातून दुसरा ओढून काढते. ही कादंबरीकाराची कल्पना नव्हे, करता येतं. दोन गुंडे घ्यायचे, सुईवर एक टाका बाहेरच्या मोज्याचा, एक आतल्याचा. बाहेरचा सुलट, आतला उलट, आणि दोन्ही धागे आपापल्या बाजूला. एका टाक्याला जरी धाग्यांची अदलाबदल झाली तरी दोन्ही मोजे तिथे कायमचे चिकटतात, आणि ते कळतं ते सगळ्यांसमोर ओढून काढताना. म्हणून जाणत्या बाया दर दोन इंचांनी मध्ये बोट घालून बघतात, सुटे आहेत ना ते.